मोटारीची मुकी किल्ली

रात्रीं घरीं परततांना मोटारीच्या किल्लीचें बटण दाबावें आणि दार उघडूंच नये, म्हणजे सारें कुटुंब भांबावून जातें. परंतु बटण मुकें झालें म्हणून किल्ली निकामी झाली असें नव्हे. पुष्कळ किल्ल्यांच्या पोटांत धातूचें साधें पातें दडविलेलें असतें. त्यानें दार उघडावें, भोंगा वाजला तरी गडबडूं नये. बटणानें सुरू होणाऱ्या कित्येक मोटारींत किल्ली त्या बटणाशीं टेकवून बटण दाबल्यास इंजिन चालू होतें. कारण ओळख पटविणाऱ्या आंतल्या चिपेला मोटारीच्या वेटोळ्यांतूनच शक्ति मिळते.

घरीं आल्यावर दुसरी किल्ली दाबून पाहावी. ती चालली तर पहिलीचा सेल संपला असण्याचा संभव अधिक. दोन्ही मुक्या राहिल्या तर मोटारींतील संदेशग्राहक तपासून घ्यावा. सेल बहुधा ३ व्होल्टांचा, नाण्यासारखा चपटा असतो. जुन्यावरील क्रमांक पाहूनच नवा आणावा.

मात्र श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. काढलेला सेल मेजावर टाकूं नये. संपलेल्या सेलांतही शक्ति उरलेली असते. लहान मुलानें तो गिळल्यास २ तासांच्या आंत अन्ननलिका भाजूं शकते. नुसती शंका आली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें.