संध्याकाळच्या वर्गाला लेखाशीर्ष हवे

शाळेत मागे पडलेल्या मुलाला जादा शिकवण्याचे काम कोणाचे, याचे उत्तर कायद्यानेच दिलेले आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 मध्ये मंजूर झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासावी आणि गरज असेल तिथे जादा शिकवावे, हे कलम 24 ने शिक्षकाचे कर्तव्य ठरवले. कलम 28 ने त्याच शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली. दोन्ही कलमे एकत्र वाचली की कायद्याचा हेतू लपून राहत नाही. जादा शिकवणे हा मुलाचा हक्क आहे आणि तो बापाच्या खिशावर अवलंबून राहता कामा नये. पुढची जबाबदारी अंदाजपत्रकाची होती. समग्र शिक्षा अभियानात अध्ययनवृद्धीच्या नावाने पैसा येतो. तो कार्यपुस्तिका, प्रशिक्षणे आणि चाचण्या यांत जातो. शाळा सुटल्यावर गावात रोज भरणाऱ्या वर्गासाठी दरमहा मानधन देणारे कायमचे लेखाशीर्ष त्यात नाही. कर्तव्य कागदावर आणि पैसा दुसरीकडे, ही फसवणूक आहे. परभणी जिल्ह्यातल्या पेडगावच्या या सभेतून ती फसवणूक म्हणूनच सांगितली पाहिजे. उणीव, त्रुटी असले मवाळ शब्द तिला लागू पडत नाहीत.

या फसवणुकीची किंमत कोण मोजते ते लोहमार्गावरच्या या गावाला ठाऊक आहे. ज्याची ऐपत आहे तो मुलाला परभणीच्या शिकवणीला घालतो. ज्याची नाही, त्याचे मूल पाच वाजता घरी येते तेव्हा आईबाप रानात असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर मोठी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते आणि तिचे दप्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच उघडते. ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात पहिली ते आठवीची पैसे देऊन शिकवणी लावणारी मुले 2018 मध्ये 26.4 टक्के होती. 2022 मध्ये ती 30.5 टक्के झाली. सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले 2022 मध्ये 16.3 टक्के आणि 2024 मध्ये 23.4 टक्के होती. सुधारणा झाली हे खरे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण चारातली तीन मुले अजून मागेच आहेत आणि त्यांचा दिवस पाच वाजता संपतो.

पैसा नाही हे उत्तर खोटे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 4 ऑगस्ट 2021 रोजी समग्र शिक्षेला 2021-22 ते 2025-26 या काळासाठी 2,94,283 कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. महाराष्ट्रात केंद्राचा वाटा 60 आणि राज्याचा 40 टक्के असतो. शंभरच्या आतल्या पटाच्या शाळेला त्यातून संयुक्त शाळा अनुदान मिळते ते वर्षाला फार तर 25,000 रुपये, आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. उरलेल्यात खडू, वीजबिल, डागडुजी, झाडू भागवताना मुख्याध्यापक मेटाकुटीला येतो. शिवाय हे अनुदान पटसंख्येवर ठरते. लहान गावाची शाळा लहान, म्हणून तिचे अनुदान लहान. अनुदान लहान म्हणून शाळा हलाखीची. हलाखीची म्हणून पालक मूल काढून नेतात आणि पट आणखी घसरतो. मग वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव पुढे येतो. आधी शाळेला उपाशी ठेवायचे आणि मग अशक्तपणाबद्दल तिलाच दोष द्यायचा, ही पद्धत मराठवाड्याने सिंचनात पाहिली, रस्त्यांत पाहिली. ती शाळेत चालू देता कामा नये.

राज्याचा पैसा बक्षिसाच्या रूपानेही येतो. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या स्पर्धेत राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला 51 लाख रुपये देण्यात आले. एका तालुक्यातली शंभर गावे धरली, प्रत्येक गावात संध्याकाळच्या वर्गासाठी दोन स्वयंसेविका नेमल्या, प्रत्येकीला दरमहा 1,000 रुपये मानधन धरले आणि वर्ष दहा महिन्यांचे मानले, तर खर्च 20 लाख होतो. एका शाळेच्या बक्षिसात दोन तालुक्यांतले संध्याकाळचे वर्ग वर्षभर चालून अकरा लाख उरतात. बक्षीस पुढे गेलेल्याला मिळते. कायद्याने हक्क दिला आहे तो मागे पडलेल्याला.

शिक्षणाच्या शिडीच्या वरच्या टोकाला मात्र पैसा आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांमार्फत राज्य सरकार स्पर्धा परीक्षांच्या तयारीला, जेईई आणि नीटच्या मार्गदर्शनाला मदत करते. ती मदत योग्य आहे आणि ती वाढली पाहिजे; शतकानुशतके दार बंद असलेल्या समाजांची मुले त्यातून पुढे जात आहेत. परंतु बारावीच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या मुलासाठी सरकारने शाळेबाहेरच्या शिक्षणाचा खर्च उचलणे जर न्याय्य असेल, तर तिसरीत अडखळलेल्या मुलासाठी ते अन्याय्य कसे ठरते? त्या मुलाला सातवी-आठवीत शाळा सोडावी लागली तर वरच्या कोणत्याही योजनेचा त्याला उपयोग नाही. या प्रश्नाला शिक्षण विभागाने उत्तर दिलेले नाही.

मराठी साहित्यव्यवहारालाही येथे झाकून ठेवता येणार नाही. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि गावोगाव पेढे वाटले गेले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे सरकारी अनुदान 50 लाखांवरून 2 कोटी रुपयांवर गेले. प्रत्येक संमेलनात वाचक घटल्याची खंत व्यक्त होते, ठराव होतात, मंडप उतरतो. वरच्याच हिशेबाने 2 कोटींत 2,000 स्वयंसेविकांचे वर्षाचे मानधन भागते आणि प्रत्येकीकडे वीस मुले धरली तर 40,000 मुले रोज संध्याकाळी मराठी वाचायला बसतात. संमेलन बंद करा असे कोणी म्हणत नाही. पण ज्या साहित्यिकांना स्वतःच्या मंडपासाठी मंत्रालयाचा जिना चढता येतो, त्यांनी वाचणाऱ्या मुलासाठी तो एकदाही चढू नये, हे लाजिरवाणे आहे. वाचक तिसरी-चौथीत घडतो किंवा कायमचा हातून जातो.

जादा तास महाराष्ट्राला नवे नाहीत. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळांत सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरापर्यंत वर्ग भरत आले. आठवीतल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीसाठी, म्हणजे वर्षाला 12,000 रुपये मिळवून देणाऱ्या परीक्षेसाठीही हेच चालते. हे बहुतेक काम शिक्षक विनामोबदला करतात आणि त्याबद्दल समाज त्यांचा ऋणी आहे. पण या तासांना बसतात ती निवडलेली मुले. फलकावर नाव लागेल, वर्तमानपत्रात फोटो येईल, अशी ज्यांच्याकडून आशा आहे ती. ज्याला जोडाक्षर येत नाही त्याला त्या वर्गाचे दार बंद असते. शिक्षकांच्या सद्भावनेवर चालणारी व्यवस्था अशीच चालणार, कारण सद्भावनेला यश दाखवावे लागते. पगारी, जबाबदार, तपासता येणारी व्यवस्था हवी असेल तर अनुदान लागते.

अशा वर्गांनी काही साधते का, हा रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. मुंबई आणि वडोदरा येथे 2001 ते 2004 या काळात ‘प्रथम’ संस्थेने महापालिका शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतलीच थोडी शिकलेली तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर तपासणी केली. मुलांचे गुण वाढले आणि सर्वांत मागच्यांचे सर्वांत जास्त वाढले. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातला प्रयोग अधिक बोलका आहे. तिथे काही गावांत फक्त सभा घेतल्या, शिक्षण समितीचे अधिकार समजावून सांगितले. त्याने काहीच बदलले नाही. काही गावांत त्याबरोबर स्थानिक तरुणांना शिकवण्याची पद्धत देऊन शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले. तिथे आलेली मुले वाचू लागली. मात्र वर्गाला आली ती गावातली सुमारे आठ टक्केच मुले. जागृती पुरेशी नसते आणि केवळ स्वयंसेवेवर वर्ग गावभर पोहोचत नाही, असा याचा अर्थ आहे. पोहोचण्यासाठी सरकार लागते.

तमिळनाडूने ते केले. ‘इल्लम तेडि कल्वी’, म्हणजे घरोघरी शिक्षण, ही योजना 27 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाली. कोरोनाच्या काळात बुडालेले शिक्षण भरून काढण्यासाठी सुमारे दोन लाख स्वयंसेवक, बहुतेक महिला, नेमण्यात आले. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत दीड तासापर्यंत वर्ग, महिन्याला 1,000 रुपये मानधन, सुरुवातीची तरतूद 200 कोटी. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत मुलांनी गमावलेल्यापैकी दोन-तृतीयांश भरून काढले आणि त्या भरपाईतला सुमारे 24 टक्के वाटा या संध्याकाळच्या वर्गांचा होता. महाराष्ट्राने याची नक्कल केली तरी कमीपणा नाही.

उलट उदाहरणही लपवू नये. अमेरिकेत शाळेनंतरच्या केंद्रांना संघराज्य सरकार दरवर्षी एक अब्ज डॉलरहून अधिक अनुदान देते. 2003 च्या मूल्यमापनात मुलांच्या वाचनात फारसा फरक आढळला नाही, आणि त्या आधारे अनुदान एक अब्जावरून साठ कोटी डॉलर करण्याचा प्रस्ताव आला; संसदेने तो मानला नाही. त्यातून घेण्याचा धडा अनुदान कापण्याचा नाही. मूल नुसते सुरक्षित बसवून ठेवले तर ते सुरक्षित राहते, वाचू लागत नाही. वर्गात काय होते यावर सारे ठरते.

या मागणीच्या विरोधकांचा एक आक्षेप गंभीर आहे. राज्यात वस्तीशाळा सुरू झाल्या तेव्हाही तुटपुंज्या मानधनावर स्वयंसेवक नेमले होते. त्यांनी वर्षानुवर्षे लढून 2014 मध्ये नियमित शिक्षकपद मिळवले. अर्थ विभागाला तीच भीती पुन्हा वाटते. ही भीती राज्यकर्त्यांनी स्वतःच्या वागण्यातून ओढवून घेतली आहे. पूर्ण शाळा हजार-पाचशेवर चालवून घेतली म्हणून ते शिक्षक लढले आणि ते योग्यच होते. दीड तासाचा वर्ग, लेखी ठरलेली मुदत, वेळेवर मानधन आणि रिक्त शिक्षकपदे आधी भरण्याची अट, एवढे पाळले तर भीतीला जागा उरत नाही. शेवटची अट सोडता येणार नाही. स्वयंसेविका दाखवून शिक्षकाची जागा गोठवायची असेल, तर असा पैसा गावाने नाकारावा.

वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने हा खर्च करावा, असेही सुचवले जाते. त्या अनुदानाचा अबंधित हिस्सा वेतन आणि आस्थापनेवर खर्च करता येत नाही. पुस्तके, दिवे, सतरंज्या येतील. शिकवणारीच्या मानधनाचा विषय निघाला की ग्रामपंचायत अधिकारी लेखापरीक्षणाकडे बोट दाखवतो आणि त्याची चूक नसते. म्हणून स्वतंत्र शासन निर्णय आणि स्वतंत्र लेखाशीर्ष, यापेक्षा कमी काही मागू नये. राज्य टाळत असेल तर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीने परभणीच्या नऊ तालुक्यांपैकी एकात तरी हा वर्ग सुरू करावा.

पैसा कसा द्यावा हेही सरकारच्या मर्जीवर सोडू नये. अनुदान वर्षाच्या अखेरीस येते आणि मार्चमध्ये उपयोगिता प्रमाणपत्र मागितले जाते, हा प्रकार मुख्याध्यापकांना पाठ आहे. संध्याकाळच्या वर्गाचा पैसा शाळा उघडताना, जूनमध्ये, शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात हवा. कायद्याच्या कलम 21 ने या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. नेमणूक त्यांनी करावी, पुढाऱ्याच्या चिठ्ठीने नको. मुलांचे गट इयत्तेवर न पाडता काय येते त्यावर पाडावेत. अक्षर न येणारा पाचवीतला मुलगा आणि अक्षर न येणारी दुसरीतली मुलगी एकत्र बसली तर दोघांनाही फायदा होतो. वर्ग वस्तीजवळ, उजेडात भरावा, म्हणजे मुलींना अंधारात लांब चालावे लागणार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर गावात राहावीत म्हणून समग्र शिक्षेतून हंगामी वसतिगृहे चालतात. परभणी आणि बीड जिल्ह्यांना ती चांगली परिचित आहेत. तिथे समितीच जेवण आणि देखरेख सांभाळते. म्हणजे समितीच्या हाती पैसा देऊन संध्याकाळ सांभाळण्याची रीत सरकारला माहीत आहे. त्या वसतिगृहांच्या मुलांनाही या वर्गात हक्काची जागा असावी.

हिशेब ग्रामसभेत व्हावा. जूनमध्ये किती मुलांना परिच्छेद वाचता येत नव्हता, 2 ऑक्टोबरला किती राहिली, 26 जानेवारीला किती, हे आकडे शिकवणारीने आणि मुख्याध्यापकाने उभे राहून सांगावेत; मुलांची नावे मात्र जाहीर करू नयेत. त्याच सभेत मानधन कोणत्या तारखेला जमा झाले हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयाने लेखी कळवावे. दोन महिन्यांचे मानधन थकले तर तसा ठराव ग्रामसभेने त्याच दिवशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि त्याची प्रत आमदारांना द्यावी.