कंडेन्सरची निवड



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलतात. आमचा जन्म गेला गेटसभांत आणि वाटाघाटींत. तरी आज आम्ही खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रातील कंडेन्सरवर बोलणार आहोत. विषय लहान आहे खरा. पण त्यात आमच्या सल्ल्याने एका कामगाराचे पैसे बुडाले, म्हणून आम्हांला तो लहान वाटत नाही.

ॲपल कंपनीने २००१ साली आयपॉड काढला आणि २०२२ साली तो बंद केला. २००५ साली निघालेल्या त्याच्या पाचव्या पिढीत एडिंबरोच्या वुल्फसन कंपनीची ध्वनिचिप होती. हौशी माणसे आजही ते यंत्र उघडतात, चिपपासून तारा थेट बाहेर काढतात आणि वाटेत आपल्या पसंतीचा कंडेन्सर बसवितात.

आता, कंडेन्सर हवाच कशाला? चिपच्या तोंडाशी गाण्याच्या लहरींबरोबर डीसी व्होल्टेजही असते, पुरवठ्याच्या सुमारे निम्मे. ते इअरफोनमध्ये शिरले तर त्याचा पडदा एका बाजूला ढकलून धरील आणि आतले वेटोळे तापवील. कंडेन्सर डीसीला अडवितो आणि लहरींना पुढे सोडतो. मात्र सूर जितका खर्जातला, तितका कंडेन्सरचा अडथळा जास्त.

आमच्या युनियनमधील एका तरुणाजवळ असा आयपॉड होता. त्यात त्याच्या वडिलांच्या भजनाचे ध्वनिमुद्रण होते. वडील पखवाज वाजवीत. ते आता हयात नाहीत. आवाज अधिक स्वच्छ व्हावा म्हणून तो आमच्याकडे आला. आम्ही चार पुस्तके चाळलेली. "फिल्मचाच घे, उत्तमातला घे," असे आम्ही ऐटीत सांगितले. त्याने ओव्हरटाइमचे पैसे मोडून २.२ मायक्रोफॅरडची महागडी जोडी आणली. आम्ही ती बसवून दिली. त्याने इअरफोन कानाला लावला आणि म्हणाला, "काका, टाळ ऐकू येतात. बाबांचा धामा कुठं गेला?"

धामा आम्हीच घालविला होता. त्या रात्री आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब सोपा आहे: पुढे जोडलेल्या वस्तूचे ओहम, कंडेन्सरचे फॅरड आणि ६.२८ यांचा गुणाकार करावा व त्याने एकाला भागावे. येईल त्या कंपनसंख्येला आवाजाची शक्ती निम्मी होते, आणि त्याखाली ती झपाट्याने ढासळते. इअरफोन ३२ ओहमचा, कंडेन्सर २.२ मायक्रोफॅरडचा, उत्तर आले सुमारे २२६० हर्ट्झ! मग पखवाजाचा खर्ज राहणार कुठून? तोच कंडेन्सर १० हजार ओहमच्या ॲम्प्लिफायरपुढे लावला असता, तर उत्तर आले असते ७ हर्ट्झ आणि काहीही गमावले नसते. कंडेन्सर वाईट नव्हता. पुढे काय जोडणार, हे आम्ही विचारलेच नव्हते.

तेव्हा निवडीचा पहिला प्रश्न हा. पुढे ॲम्प्लिफायर असेल तर दोन-चार मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर उत्तम. थेट ३२ ओहमचा इअरफोन असेल तर निदान २२० मायक्रोफॅरड हवेत. मग उत्तर सुमारे २३ हर्ट्झ येते. १६ ओहमच्या इअरफोनला त्याच्या दुप्पट. एवढ्या मापाचा फिल्म कंडेन्सर यंत्राहूनही मोठा होईल. तेथे इलेक्ट्रोलिटिकला पर्याय नाही. तो ६.३ व्होल्टचा पुरतो. पण त्याचे धन टोक चिपकडेच हवे. आणि माप सढळ घ्यावे: इलेक्ट्रोलिटिक आवाज बिघडवितो तो मुख्यतः त्याच्या दोन टोकांमध्ये लहरींचे व्होल्टेज उरते तेव्हा. माप मोठे असले की ते उरतच नाही. सिरॅमिकमधील मोठ्या मापाचे प्रकार मात्र या वाटेवर टाळावेत. व्होल्टेज चढले की त्यांची धारणाशक्ती घटते, आणि नुसती टिचकी मारली तरी त्यांत वीज उमटते.

राहिला किमतीचा प्रश्न. महाग वस्तू कानाला गोड लागते, आमच्याही लागते. म्हणून परीक्षा अशी घ्यावी: दोन्ही कंडेन्सरांचा आवाज सारख्याच पातळीवर ठेवावा, कोणता जोडला आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये, आणि दहा वेळा ओळखायला लावावे. निव्वळ अंदाजाने नऊ किंवा दहा वेळा बरोबर येण्याचा संभव शेकडा एकच. पाच-सहा वेळा जमले, तर तुम्ही फरक ऐकलेला नाही, किंमत ऐकली.

त्या तरुणाला आम्ही २२० मायक्रोफॅरडचे दोन साधे इलेक्ट्रोलिटिक स्वतःच्या पैशाने आणून बसवून दिले. दोन्ही मिळून चहाच्या खर्चात आले. धामा परत वाजला. महागडी जोडी त्याने परत देऊ केली; आम्ही ती घेतली नाही. पुढे त्याने छोटा ॲम्प्लिफायर जोडला आणि त्याच्यापुढे तीच जोडी बसविली. त्या वेळी मापाचा हिशेब त्याने स्वतः केला, आणि आम्हांला तपासायला दिला. तो बरोबर होता.