संधिप्रकाशांतला ग्रह : बुध

पंचांग ज्या घरांत आहे, त्या घरांत बुध हें नांव वारंवार दृष्टीखालून जातें. बुध वक्री झाला, बुधाचा पश्चिमेस उदय झाला, पूर्वेस अस्त झाला, अशा नोंदी वाचल्या जातात आणि पान उलटलें जातें. परंतु तोच ग्रह आकाशांत बोट दाखवून ओळखणारा मनुष्य सुशिक्षितांतहि विरळा. शुक्र बहुतेकांच्या ओळखीचा असतो; मंगळाची तांबूस छटा व गुरूचें तेज पुष्कळांस ठाऊक असतें; बुध मात्र नांवानें परिचित आणि दर्शनानें अपरिचित राहिला आहे. वास्तविक तो नुसत्या डोळ्यांनीं दिसणाऱ्या पांच ग्रहांपैकीं एक असून कित्येकदां ठळक तारकांची बरोबरी करतो. दोष त्याच्या तेजाचा नव्हे, जागेचा आहे.

पृथ्वी सूर्यापासून सुमारें १५ कोटि किलोमीटरांवर, तर बुध सरासरी ५ कोटि ७९ लक्ष किलोमीटरांवर. इतक्या जवळून फिरणारा हा ग्रह पृथ्वीवरून पाहतां सूर्यापासून फार तर १८ ते २८ अंश दूर सरकतो व पुन्हा मागें फिरतो. त्यामुळें मध्यरात्रीं तो कधींच दिसावयाचा नाहीं. सूर्यास्तानंतर पश्चिमेस किंवा सूर्योदयापूर्वीं पूर्वेस, संधिप्रकाशांत, घटका दोन घटका त्याचें दर्शन. आणि असे योग वर्षांतून सहा-सात, प्रत्येक थोड्या दिवसांचा. कोपर्निकसानें आयुष्यांत बुध पाहिलाच नाहीं, अशी एक आख्यायिका युरोपांत सांगतात. ती खरी असो वा नसो, उत्तरेकडील देशांत ग्रहांचा मार्ग क्षितिजाकडे पुष्कळदां इतका कललेला असतो कीं, अंधार पडण्यापूर्वींच बुध मावळून जातो.

महाराष्ट्राची स्थिति याहून पुष्कळ बरी. छत्रपति संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बिडकीन हें गांव उदाहरणादाखल घ्यावें. तें सुमारें पावणेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथें ग्रहांचा मार्ग क्षितिजावर बराच उभा राहतो. म्हणून बुध सूर्याच्या बाजूस न राहतां जवळजवळ डोक्यावर राहतो. माघापासून वैशाखापर्यंतच्या संध्याकाळीं आणि आश्विन-कार्तिकांतल्या पहाटे आकाश स्वच्छ असतें. पंचांगांत बुधाचा पश्चिमेस उदय होऊन आठ-दहा दिवस लोटले म्हणजे सूर्य पूर्ण मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासानें जिकडे सूर्य गेला तिकडे पाहावें. हात लांब करून मूठ धरली असतां ती सुमारें दहा अंश व्यापते. क्षितिजापासून तेवढ्या उंचीवर किंचित् पिवळसर असा एकटाच ठिपका आढळेल. तोच बुध.

याच ठिपक्याकडे पिढ्यान् पिढ्या पाहून पूर्वजांनीं त्याची गति बसविली. सूर्यसिद्धान्तांत एका महायुगांत बुधाचे १,७९,३७,०६० फेरे सांगितले आहेत. त्यावरून एका फेऱ्याचा काल काढला तर ८७.९७ दिवस येतो. आधुनिक मापनहि ८७.९७ दिवसच देतें. बुध सूर्यापासून मार्गी असतां १४ आणि वक्री असतां १२ अंश दूर झाला म्हणजे दिसूं लागतो, हा नियमहि त्याच ग्रंथांत आहे, आणि तो डोळ्यांनीं पाहिल्यावांचून कोणास करतां येणारा नाहीं. पुढें कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२ मध्यें ग्रहलाघव रचून हें गणित इतकें सोपें केलें कीं, महाराष्ट्रांतील पंचांगें शतकानुशतकें त्यावरून निघालीं. गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्रामच्या मल्लारीनें त्यावर टीका लिहिली. गणित सोपें झालें हा उपकारच. परंतु त्याबरोबर आकाशाकडे पाहण्याची गरज भासेनाशी झाली, हेंहि खरें.

केवळ एकदां पाहून बांधलेला तर्क बुधानें वारंवार खोटा पाडला आहे. इटालियन ज्योतिषी शियापारेल्ली यानें १८८९ सालीं असें ठरविलें कीं, बुध ८८ दिवसांतच स्वतःभोंवतीं एकदां फिरतो, म्हणून त्याची एकच बाजू सदैव सूर्याकडे असते. पाऊणशें वर्षें जगानें तें मानलें. १९६५ सालीं रडारच्या लहरी बुधावर आपटून परत आल्या, तेव्हां तो सुमारें ५९ दिवसांत फिरतो असें दिसून आलें. सूर्याभोंवतीं दोन फेरे होईपर्यंत तो स्वतःभोंवतीं बरोबर तीन वेळां वळतो. याचा परिणाम विलक्षण आहे. बिडकीन बुधावर असतें आणि गुढीपाडव्यास तेथें सूर्य उगवता, तर तो मावळण्यास ज्येष्ठी अमावास्या उजाडली असती. आणि पुन्हा उगवण्यास, मध्यें अधिक मास नसेल तर, सर्वपित्री अमावास्या! बुधाचा एक दिवस १७६ पार्थिव दिवसांचा, त्याच्या दोन वर्षांएवढा.

अशा दीर्घ दिवसांत भूमि ४३० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापते. शिसें तेथें वितळून जाईल. रात्र तितकीच लांब, आणि उष्णता धरून ठेवण्यास वातावरण जवळजवळ नाहींच. म्हणून पारा शून्याखालीं १८० अंशांपर्यंत उतरतो. सूर्याला सर्वांत जवळ तो सर्वांत उष्ण, हा तर्कहि चुकतो: दाट वायूचें पांघरूण घेतलेला शुक्र याहून उष्ण आहे. याहून आश्चर्य म्हणजे बुधाच्या ध्रुवांवर बर्फ आहे. त्याचा अक्ष जवळजवळ मुळींच कललेला नाहीं. त्यामुळें तेथील खोल विवरांच्या तळाशीं सूर्यकिरण कधींच पोंचत नाहीं. रडारनें दिलेल्या या सुगाव्यास २०१२ सालीं मेसेंजर यानाच्या निरीक्षणांनीं बळकटी दिली. अग्निकुंडाच्या कांठीं न वितळणारें पाणी सांपडावें, ही गोष्ट कल्पनेनें कोणास सुचली नसती.

आकारानें बुध ग्रहांत सर्वांत लहान. व्यास अवघा ४,८८० किलोमीटर, पृथ्वीच्या दोन पंचमांशांहून थोडा कमी. परंतु घनतेनें तो पृथ्वीच्या लगोलग बसतो, कारण त्याच्या पोटांत लोखंडाचा प्रचंड गोळा आहे. त्रिज्येचा चार पंचमांशांहून अधिक भाग त्या गाभ्यानें व्यापिला आहे. वरचें खडकाळ कवच त्या मानानें पातळच. हा गाभा निवतां निवतां ग्रह आक्रसला व त्याच्या पृष्ठावर शेंकडों किलोमीटर लांबीचे कडे उमटले, जशा वाळणाऱ्या फळाच्या सालीस सुरकुत्या पडाव्या. पृष्ठभाग चंद्रासारखा विवरांनीं भरलेला आहे. त्या विवरांस कवि व कलावंतांचीं नांवें देण्याचा प्रघात असल्यानें व्यास, वाल्मीकि, कालिदास, सूरदास आणि त्यागराज हे तेथें शेजारधर्म पाळीत आहेत.

हें ज्ञान सहजासहजीं मिळालें नाहीं. १९७४-७५ मध्यें मॅरिनर १० या यानानें तीनदां जवळून जाऊन निम्म्याहून कमी पृष्ठाचीं छायाचित्रें घेतलीं. २०११ ते २०१५ पर्यंत मेसेंजर यान बुधाभोंवतीं फिरत राहिलें व शेवटीं त्याच्यावरच कोसळलें. २०१८ सालीं युरोप व जपान यांनीं बेपीकोलंबो हें यान धाडलें.

यानें धाडणें सर्वांच्या हातीं नसलें, तरी निरीक्षण आहे. १६५१ सालीं जेरेमी शेकर्ली या इंग्रज ज्योतिष्यानें सुरतेंत राहून सूर्यबिंबावरून सरकणारा बुध पाहिला. असें अधिक्रमण शतकांत तेरा-चौदा वेळांच घडतें. ७ मे २००३ रोजीं तें भारतांत संपूर्ण दिसलें, ९ मे २०१६ रोजीं सूर्यास्तापर्यंत. पुढचें १३ नोव्हेंबर २०३२ रोजीं, दुपारीं बारा वाजून गेल्यावर सुरू होऊन साडेचारच्या सुमारास संपेल. म्हणजे तें महाराष्ट्रांत आरंभापासून अखेरपर्यंत पाहतां येईल. बुधाचा ठिपका इतका बारीक असतो कीं, तो नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं; आणि सूर्याकडे उघड्या डोळ्यांनीं वा साध्या दुर्बिणींतून पाहणें म्हणजे दृष्टि गमावणें. दुर्बिणीनें सूर्याचें बिंब पांढऱ्या कागदावर पाडून तें पाहावें. आज प्राथमिक शाळेंत असलेलीं मुलें तेव्हां मोठीं झालेलीं असतील. त्यांच्या शिक्षकांस तयारीस वेळ आहे.

सायंकाळच्या दर्शनास मात्र क्षितिज मोकळें लागतें. बिडकीनच्या परिसरांत शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्र आकारास येत आहे. उद्योगांनीं हातांना काम मिळतें. त्यांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. बुध तेजस्वी असल्यामुळें दिव्यांच्या उजेडांतहि तो टिकून राहील. परंतु क्षितिजावरील धूळ, धूर व उंच भिंती यांपुढें त्याचें चालत नाहीं. गांवाच्या पश्चिमेस एखादें मैदान, शाळेची एखादी गच्ची मोकळी राहील, एवढी दक्षता घेतली तरी पुरे. ज्या भूमीनें बुधाच्या फेऱ्याचें गणित जपलें, तिनें पुढच्या पिढीस तो ग्रह पाहण्याची जागाहि राखून द्यावी.