अंदाज कोणत्या उंचीचा?

हिमालयात ट्रेकला निघालेली मुलं मला हमखास विचारतात, "काका, मोबाइलवर हवा तर चांगली दिसतेय, मग काळजी कसली?" मी उलट विचारतो, "हा अंदाज कोणत्या उंचीचा आहे?"

डोंगरी हवामान मी शिकायला लागलो पन्नाशी उलटल्यावर, आणि ते शिकणं या प्रश्नापासूनच सुरू झालं. संगणक जमिनीचे चौकोन पाडून अंदाज काढतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेली आणि २०२५ साली वापरात आलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सहा किलोमीटरचे चौकोन धरते. काम मोठंच आहे. पण हिमालयात तेवढ्या अंतरात दरी आणि शिखर यांच्यात दोन हजार मीटरचा फरक सहज असतो, आणि संगणक त्या सगळ्याची एक सरासरी उंची धरतो. आपला तंबू त्या सरासरीवर थोडाच असतो!

मग हिशेब आपणच करायचा. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. खाली ५०० मीटरवर ३० अंश असतील, तर ४,५०० मीटरवर चारच. शून्य अंशाला ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला, की अंगाला उणे सात अंशांची थंडी लागते. कपडे भिजलेले असतील तर विचारूच नका. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांच्या तुकडीतले ९ जण बिघडलेल्या हवेत अडकून दगावले. जून महिन्यात! तेव्हापासून हा हिशेब मी मुलांकडून कागदावर करून घेतो.

मुलांना जास्त आवडतो तो अल्टिमीटर. हवेच्या दाबावरून उंची सांगणारा हवा. उपग्रहावरून सांगणारा इथे कामाचा नाही. रात्री निजताना आकडा लिहून ठेवायचा. सकाळी जागेवरून न हलता तो दहा-पंधरा मीटरने वरखाली झाला, तर ते रोजचंच. पण चाळीस मीटर जास्त दाखवू लागला, तर हवेचा दाब उतरलाय. पाच हजार मीटरच्या आसपास हा फरक जवळजवळ तीन हेक्टोपास्कलचा होतो. त्यातच पश्चिमेकडून पिसांसारखे ढग दाटत येत असतील, तर त्या दिवशी खिंड चढू नये. शिखरावर मसुराच्या दाण्यासारखे गुळगुळीत ढग ठाण मांडून बसले, तर वर वारा जोराचा आहे. (या ढगांचं लॅटिन नावही मसुरावरूनच आलंय.)

आणि परतीची वेळ आदल्या रात्रीच ठरवायची. पैसे भरलेले असतात, रजा संपत आलेली असते. खिंड शंभर मीटरवर दिसत असताना ढगांकडे कोण बघतो? दिवस तापला की दरीतली हवा उतारावरून वर चढते आणि दुपारी ढग उभे राहतात, म्हणून आम्ही पहाटेच निघतो.

हा सराव हिमालयातच करायला हवा असं नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्माही नाही. पश्चिमेचा वारा कडा चढताना थंड होतो, पाणी टाकतो आणि पलीकडे उतरताना पुन्हा तापतो. जुलैतल्या एखाद्या रविवारी एसटीने महाबळेश्वरहून पाचगणीला या, आणि छत्री नेमकी कुठे मिटावी लागली ते वहीत टिपून ठेवा.