हस्तस्पर्शाचे उपचार आणि सामाजिक न्यायाचे भान
(मंडळाच्या वर्षावास कार्यक्रमातील भाषण)



आजकाल ठिकठिकाणी रेकीची शिबिरे भरतात. आपले समाजबांधवही तेथे जातात. त्यांची टिंगल करण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही. दुखणाईताच्या कपाळावर कुणी मायेने हात ठेवला तर त्याला बरे वाटते, हा सर्वांचा अनुभव आहे. मात्र हातातून ऊर्जा वाहते आणि ती रोग घालवते, याला विज्ञानाचा आधार मिळालेला नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

रेकी जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ साली सुरू केली. पुढे हवाईच्या हावायो ताकाता यांनी ती अमेरिकेत रुजवली. १९७० नंतरच्या काळात रेकीचे शिक्षक होण्यासाठी त्या १०,००० डॉलर घेत. आम्ही बँकेत पैसे मोजणारी माणसे. म्हणून आमचा पहिला प्रश्न असा की, हा स्पर्श कोणाला परवडतो?

दुसरा प्रश्न अधिक जिव्हारी लागणारा आहे. हा हात कोणाला लागतो? काठेवाडातील एका अस्पृश्य शाळामास्तरांचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापले होते. बाबासाहेबांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये घेतले आहे. मास्तरांची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. शेवटी तिलाच तान्ह्या बाळासह बाहेर आणावे लागले. डॉक्टरांनी थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाकडे दिला, त्यांनी पतीकडे, पतीने पत्नीला. ती माउली वाचली नाही. फी मात्र दोन रुपये ठरली होती.

याउलट १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले आणि त्याच साथीत त्यांचा अंत झाला. भगवान बुद्धांनी अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला आनंदासह स्वतः धुतले. त्यांनी विचारले ते हेच, की याची सेवा कोणी का करत नाही?

तिसरा प्रश्न दोषाचा. काही उपचारक सांगतात, "तुमची ऊर्जाच नकारात्मक आहे, हे पूर्वजन्मीचे कर्म आहे." संयुक्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाला भगवंतांनी सांगितले की पित्त, कफ, वात, ऋतुबदल, मार अशा अनेक कारणांनी वेदना होतात. सर्व वेदना पूर्वकर्माने होतात हे म्हणणे चुकीचे. गटारात उतरलेला आपला भाऊ गुदमरतो तो विषारी वायूने. संरक्षक साधनांशिवाय त्याला तेथे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेथे कर्माचे नाव घेतले की गुन्हेगार सुटतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, कोणत्याही उपचारकाला विचारा: फी किती? वस्तीत येऊन सर्वांना हात लावाल का? डॉक्टरांचे औषध बंद करायला सांगता का? औषध बंद करा म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण ती महिनोन्‌महिने नियमाने घ्यावी लागतात. आपल्या आळीतल्या अशा एका रुग्णाबरोबर दवाखान्यात जा, रांगेत उभे राहा, घरी त्याच्या उशाशी बसा. त्या हाताला कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही.