समेट नको, भरपाई हवी
(सोलापुरात बायकांच्या गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपल्या शहरात किती घरांत विड्या वळल्या जातात ते तुम्हाला सांगायला नको. मागे अशीच एक विडी कामगार बाई आमच्याकडे आली. नवऱ्याने हात पिरगळला होता, उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती. आम्ही नेहमीप्रमाणे विचारलं, "तक्रार द्यायची का?" ती म्हणाली, "ताई, तो आत गेला तर घरात काय येणार? आणि तुम्ही समजूत घालून परत पाठवलंत तर तो पुन्हा मारणार. माझी बोटं बरी होईस्तोवर विड्या कोण वळणार, तेवढं सांगा."

आमच्यापाशी उत्तर नव्हतं. गेली कित्येक वर्षं आपण बाईपुढे दोनच वाटा ठेवत आलोय: एक तर तुरुंग, नाहीतर समेट. तिने मात्र तिसरंच मागितलं. झालेलं नुकसान नवऱ्याने मान्य करावं, भरून द्यावं आणि पुन्हा हात उगारणार नाही याची हमी द्यावी. जगात याला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने अल्पवयीन गुन्हेगारांसाठी अशा कुटुंब-बैठका सुरू केल्या. मुलगा, त्याचे घरचे आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस एकत्र बसतात आणि भरपाई कशी करायची ते ठरवतात.

हे ऐकून तुमच्यातल्या काहीजणी अस्वस्थ झाल्या असतील. व्हायलाच हवं. 'एकत्र बसून मिटवू या' हे वाक्य बायकांनी फार ऐकलंय. जातपंचायतसुद्धा एकत्रच बसवते. तिथे बोलतात पुरुष, दंड घेतात पंच, आणि बाईच्या हाती काही लागत नाही. म्हणून तर महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. आणि न्यायालयं तरी? २०२० मध्ये मध्य प्रदेशात विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना उच्च न्यायालयाने त्याला त्याच बाईकडून राखी बांधून घ्यायला सांगितलं. बायका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा मार्च २०२१ मध्ये ती अट रद्द झाली, आणि अशा प्रकरणांत न्यायाधीशांनी तडजोड सुचवू नये असं न्यायालयाने बजावलं. तेव्हा बलात्काराच्या बाबतीत आपली भूमिका पक्की आहे: तिथे समेट नाही, मध्यस्थी नाही.

पण घरातल्या मारहाणीत जी बाई स्वतःहून भरपाई मागते, तिचं काय? तिच्यासाठी कायद्यात जागा आहे, आपणच ती पुरेशी वापरत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेला. त्याच्या कलम २० खाली औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मागता येते. कलम २२ खाली शारीरिक आणि मानसिक त्रासाबद्दल वेगळी भरपाई मागता येते. समुपदेशनाचे नियम तर पुन्हा पुन्हा वाचावेत असे आहेत. नियम १४ सांगतो की समुपदेशनात नवऱ्याला हिंसेचं समर्थन करता येणार नाही. 'तिने उलट उत्तर दिलं म्हणून मारलं' हे तिथे ऐकूनच घ्यायचं नाही. हिंसा पुन्हा करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची. आणि तडजोडीचा प्रयत्न करायचा तो बाईची इच्छा असेल तरच. आपल्या ओळखीच्या किती समुपदेशन केंद्रांत हे पाळलं जातं, हे ज्याने त्याने मनाशी विचारावं.

शिक्षेपलीकडचा विचार सोलापूर जिल्ह्याला नवा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि तारेच्या कुंपणात ठेवलं. कायदा १९५२ मध्ये गेला, पण आपल्या शहरातल्या त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. नुसत्या बंदोबस्ताने काय होतं, ते त्या वस्त्यांना विचारा. याउलट २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक असताना ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर नुसते छापे टाकून भागत नव्हतं. छाप्यांबरोबर समुपदेशन आणि दुसरा रोजगार देण्याचा प्रयत्न झाला, एकेका अधिकाऱ्याने एकेक गाव दत्तक घेतलं. पण असं काम अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर थांबायला नको असेल, तर ते वस्तीतल्या बायकांच्या हाती असलं पाहिजे.

म्हणून जाळं हवं. अक्कलकोटच्या गटाला काय अनुभव आला ते पंढरपूरला कळत नाही, बार्शीचं सांगोल्याला कळत नाही. प्रत्येक गट पहिल्यापासून सुरुवात करतो. आता हातात फोन आहेत, तेव्हा हे सोपं झालंय. पण चार गोष्टी आधी ठरवू या.

पहिली, फोनवर बाईचं नाव, गल्ली, फोटो काहीही पाठवायचं नाही. बलात्कारित बाईची ओळख उघड करणं हा तर गुन्हाच आहे. शिवाय पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो. आपला निरोप त्याने वाचला तर मार तिला बसेल.

दुसरी, नवऱ्याशी जे ठरेल ते कागदावर हवं: रक्कम किती, कोणत्या तारखेला, मोडलं तर पुढे काय. तोंडी माफी मोजायची नाही.

तिसरी, कागद झाला की काम संपलं असं नाही. वस्तीतल्या दोघीजणींनी निदान वर्षभर तिच्याकडे जात राहायचं. आणि त्याने पुन्हा हात उचलला तर दुसरी बैठक नाही, थेट तक्रार.

चौथी, प्रत्येक तालुक्यात संरक्षण अधिकारी कोण, त्यांच्याकडे किती अर्ज आले, भरपाईचे आदेश किती झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारायचं. सगळ्या तालुक्यांची उत्तरं एकत्र मांडली की मग आपण जिल्हाधिकाऱ्यांपुढे नुसती गाऱ्हाणी घेऊन जाणार नाही.

त्या बाईचं पुढे काय झालं, असं विचाराल. तिने अर्ज केला. त्यात औषधाचा खर्च लिहिला, आणि न वळलेल्या विड्यांची मजुरी हजाराच्या हिशेबाने लिहिली. तो हिशेब तिचा तिनेच बोटांवर मोजून सांगितला, आम्ही फक्त लिहून घेतला. निकाल अजून यायचाय. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. पण नवऱ्याला पहिल्यांदा कळलं की मारण्याची किंमत असते आणि ती बायको मागू शकते.

आज घरी जाण्यापूर्वी प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या दोघींची नावं द्यावीत. सुरुवात तेवढ्यानेच करू या.