राखीगढीची पांढर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या हिवाळ्यात ऑफिसातले आम्ही चार मराठी सहकारी सहकुटुंब राखीगढीला जाऊन आलो. त्याविषयी बोलावे असा कार्यकारिणीचा आग्रह झाला, म्हणून उभा आहे.

गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना कुतुबमिनार, लाल किल्ला आणि ताजमहाल दाखवतो. पण दिल्लीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, हरियाणातील हिसार जिल्ह्यात, साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हडप्पाकालीन शहर गाडले गेले आहे. पंचवीस वर्षे दिल्लीत राहून मला त्याचा पत्ता नव्हता! तेथे १९९७ ते २००० या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली काम केले, हे ऐकून तर छाती फुगली.

तिथे पोहोचल्यावर मुले मात्र हिरमुसली. मनोरे नाहीत, देऊळ नाही. नुसती मातीची टेकाडे आणि त्यांवर वाळत घातलेल्या गोवऱ्या. वाटाड्या म्हणून गावातलाच एक तरुण शेतकरी मिळाला. तो खोदकामावर मजुरीला गेलेला. त्याने पावसाने कापलेल्या कडेला आम्हाला उभे केले आणि मातीचे पट्टे दाखवले. राखेचा एक, विटांचा एक, पुन्हा राखेचा. आपल्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. पांढरी म्हणजे काय, ते मला पन्नाशीनंतर हरियाणात कळले.

आमच्यातले एक सहकारी मेक्सिकोत मायांचे चिचेन इत्सा पाहून आलेले. ते म्हणाले, "मायांची लिपी आता बरीचशी वाचता येते. त्यांची भाषा बोलणारे लोकही तिथे आहेत." सिंधू लिपी मात्र अजून उलगडलेली नाही. त्यामुळे राखीगढीत वीट, खापर आणि हाड जे सांगेल तेच खरे.

आता एक कबुली. चालता चालता मी खापराचा एक तुकडा खिशात टाकला. शोकेसमध्ये ठेवावा, एवढाच विचार. वाटाड्याने ते पाहिले. तो रागावला नाही.

"बाऊजी, कुठून उचललात?"

मला जागा सांगता येईना.

"इथे होता तोवर तो कुणाच्या तरी घराचा पुरावा होता. तुमच्या घरी गेला की नुसतं खापर."

मुलांसमोर मी तो तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्याने जिथून उचलला असावा तिथे तो परत ठेवला. पुढे त्याने दफनभूमीची बाजू दाखवली. येथील साठाहून अधिक नमुने तपासले, तेव्हा एकाच स्त्रीच्या अवशेषांतून अभ्यासाजोगा डीएनए मिळाला. उष्ण हवेत तो टिकत नाही. २०१९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. साठांत एक! मग मी खिशात टाकलेल्या तुकड्याने काय सांगितले असते, कोण जाणे.

शेवटी त्याने घरी चहाला नेले. घर टेकाडावरच. खाली जुने शहर, वर त्याची म्हैस. संरक्षित जागा, त्यामुळे भिंत वाढवायची तरी अडचण. उद्या घर सोडावे लागेल का, ही धास्ती कायमची. त्याच्या आईने माझ्या पत्नीला विचारले, "तुम्ही गाव सोडलंत तेव्हा बरोबर काय आणलंत?"

पत्नी म्हणाली, "देवातला गणपती आणि पुरणयंत्र."

म्हातारी हसली. म्हणाली, "आम्ही काय न्यायचं? आमची तर मातीच इथली."

आम्हा कुणाला उत्तर सुचले नाही. आपण नोकरीसाठी आपण होऊन गाव सोडले. त्यांना इतिहासासाठी सोडावे लागेल. शहर जपायला हवे, यात शंका नाही. पण ते आपल्याला दाखवणाऱ्याच्या छपराचाही विचार व्हायला हवा.

तेव्हा मंडळी, पुढच्या हिवाळ्यात मंडळाची सहल राखीगढीला न्यावी, अशी माझी सूचना आहे. वाटाड्या गावातलाच घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा आणि परतताना खिसे रिकामे असावेत.

गणपती बाप्पा मोरया!